पहाऱ्यावरचा शिपाई

४ मार्च

पाकिटावर तुझं खरं नाव लिहिलंय. त्याशिवाय पत्र आत पोचत नाही, असं तुरुंगाच्या खिडकीवरच्या बाईंनी बजावलं. त्यांनी ते मला चिठ्ठीवर लिहून दिलं आणि मी एकेक अक्षर बघून उतरवलं, लॅबमध्ये नव्या गिऱ्हाइकाचं नाव उतरवते तसं. आत मात्र वर काहीच लिहीत नाही. जुन्या नावानं हाक मारायला मन घेत नाही आणि नवं जिभेवर बसत नाही. तेव्हा नुसतं 'तू'. अरेतुरे तर आपलं पहिल्यापासूनचं आहे.

भिंगरी बरी आहे. हे आधी सांगून टाकते, कारण बाकीचं वाचायच्या आधी तुझी नजर तेच शोधणार. मध्ये सर्दीनं घरी होती, आता शाळेत जाते. बाबा लांबच्या गावी कामाला गेलेत, असं सांगितलंय. किती मजल्यांची इमारत आहे, म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, खूप. मग लिफ्ट दुरुस्त व्हायला वेळ लागणारच, असं म्हणून ती खेळायला पळाली. सात वर्षांच्या मुलीला फसवणं सोपं असतं. तिच्या आईला फसवणंही फारसं अवघड नसावं.

ते दोघं पोलीस साध्या कपड्यात आमच्या दातांच्या लॅबमध्ये आले, तेव्हा माझ्यासमोर कुणा आजोबांची खालची कवळी होती. मेणात दात लावत होते. त्यांच्यातल्या वयस्कर माणसानं विचारलं, तुमचे यजमान दुसऱ्या देशाच्या सैन्यात होते हे तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होतेय, ते लिफ्ट दुरुस्त करतात. मग त्यानं फोटो पुढं केला. वर्दीतला कोवळा पोरगा, कान पुढं आलेले. चेहऱ्यावरून नाही, कानांवरून ओळखलं मी तुला. भिंगरीचेच कान. तो सांगत गेला. पलटणीतून पळालेला. पळताना पहाऱ्यावरच्या शिपायाला ठार मारलं. चौदा वर्षं शोध चालू होता. परवान्यासाठी दिलेले बोटांचे ठसे तिकडच्या ठशांशी जुळले आणि आज सकाळी कामावरून ताब्यात घेतलं. तो बोलत होता आणि माझे हात चालूच होते. ते गेल्यावर मालकांनी येऊन बघितलं, तर मी उजवीकडच्या दाढा डावीकडं बसवलेल्या. त्यांनी माझ्या पुढ्यातलं काम उचललं.

आता त्या परवान्याचं. किती मागं लागले होते मी तुझ्या. स्वतःचा परवाना काढ, किती दिवस ठेकेदाराच्या नावावर राबणार, त्यात आहे काय, बोटं टेकवायची आणि यायचं. तू दर वेळी काहीतरी काढायचास. गर्दी असते, मशीन बंद आहे, पुढच्या महिन्यात. आणि मग एका सकाळी तू दाढी केलीस, इस्त्रीचा शर्ट घातलास आणि गेलास. मी खूश होऊन डब्यात तुझ्या आवडीची भाजी दिली. तेव्हापासून एकच विचार डोकं खातोय. तू जाणूनबुजून गेलास का? की माझ्या कटकटीला कंटाळून? बाकी काही सांगितलं नाहीस तरी चालेल, एवढं सांग.

ठेकेदार येऊन तुझी हत्यारांची पेटी देऊन गेला. दारातच उभा राहिला. म्हणाला, वहिनी, एवढ्या वर्षांत त्याला कुणावर आवाज चढवताना पाहिलं नाही. मी म्हटलं, मीसुद्धा. तो चहा न घेता गेला.

गरम कपडे पाठवलेत. भेटीचा दिवस मिळाला की येते.


२२ मार्च

काल मी मध्येच फोन ठेवून उठून आले. काचेपलीकडं तुझे ओठ हलत होते ते दिसत होतं, तरी वळून बघितलं नाही. त्याबद्दल हे पत्र. माफी मागत नाही, कारण सांगते.

तू जे सांगितलंस ते इथं लिहीत नाही. ही पत्रं उघडून वाचतात. पण ऐकून मला राग कशाचा आला, माहीत आहे? तू केलंस त्याचा तर आलाच. त्याहून जास्त आला तू मला सांगितलंस त्याचा. इतकं नीट, काही न वगळता. नऊ वर्षं माझ्याशी खोटं बोलणं तुला छान जमलं. आईबाप लहानपणीच गेले म्हणालास, मी हळहळले. खांद्यावरचा व्रण सायकलवरून पडल्याचा म्हणालास, मी त्यावर हात फिरवला. मग कालच कुठून खरेपणाचं भरतं आलं? आणखी एक खोटं माझ्यासाठी बोलला असतास तर काय बिघडलं असतं? मी ते उराशी धरून घरी आले असते आणि जेवले असते.

घरी आले, भिंगरीला जेवू घातलं, तिच्या वेण्या सोडल्या. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तू दिलंस. मुद्दाम नाही गेलो, पण टाळायचा कंटाळा आला होता, म्हणालास. ते पटलं. तुझं कालचं हे एवढंच बोलणं माझ्या ओळखीच्या माणसाचं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तुला खटल्यासाठी तिकडं नेणार, असं तुरुंगातून कळवलंय. निघायच्या वेळी भेटू देत नाहीत. तेव्हा आता भेट झाली तर तुझ्या देशात.


२ मे

तुझ्या आई आल्यात.

काय वाटलं असेल मला, विचार कर. दार वाजलं, उघडलं तर एक उंच, वाळलेली बाई, हातात कापडी पिशवी, तोंडावर रुमाल. माझ्या हातात तिनं तुझ्या अक्षरातला पत्ता ठेवला आणि माझ्या खांद्यावरून आत बघायला लागली. भिंगरी अभ्यास टाकून आली. त्या तिच्याकडं बघत राहिल्या, मग खाली वाकून तिचा कान दोन बोटांत धरला आणि सोडला. कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. 'तुझी आजी' एवढंच मी म्हटलं. तुझ्या लहानपणीच वारली असं सांगितलेल्या आजीबद्दल भिंगरीनं मला जे प्रश्न विचारले, ते तुला कळवत बसत नाही.

पहिले दोन दिवस त्या बोलल्याच नाहीत. हो, नाही, पुरे. सदा तोंडावर रुमाल. मला वाटलं, माझ्यावर राग आहे. मुलगा इतकी वर्षं हिच्याकडं होता आणि आपल्याला एक ओळ नाही, असं वाटत असेल, आणि वाटलं तर चूक काय? तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांची वरची कवळी ताटात पडली. त्या इतक्या ओशाळल्या की उठूनच निघाल्या. मी ती उचलली, धुतली आणि सवयीनं उलटीपालटी करून बघितली. कुठल्याशा शिबिरात एकाच मापाच्या वाटतात, तसली. त्या बाईच्या तोंडात ती राहत कशी होती हेच नवल. राग वगैरे काही नव्हता. बोलायला गेलं की दात निसटायचे, म्हणून त्या गप्प होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना लॅबमध्ये नेलं. मालकांनी स्वतः ठसा घेतला. पुढचं सगळं मी केलं. दातांचा रंग निवडायला बसलो, तर मी दाखवीन तो नको. यापेक्षा पिवळट दे म्हणाल्या, जरा झिजलेला दे. 'पांढरेशुभ्र लावून गेले तर गाव म्हणेल, मुलगा सापडला आणि म्हातारी नटली.' मी हसले. अटकेनंतर पहिल्यांदा हसले आणि तेही तुझ्या आईमुळं. मग पुढच्या एका दाताला मी थोडा तिरका कल दिला. त्यांच्याजवळच्या जुन्या फोटोत त्यांचा तसा होता. त्यांनी आरशात बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिल्या.

कवळी बसली आणि बाई बोलायला लागल्या. तू कुणावर गेलायस असं मला नेहमी वाटायचं, ते आता कळतंय. तशीच सावकाश बोलायची पद्धत, तसंच वाक्य अर्ध्यात सोडून भांडी आवरायला लागणं.

तुझ्यामागं त्यांना दर वर्षी सैन्याच्या कचेरीत जावं लागायचं. मुलाचा ठावठिकाणा कळलेला नाही, असं लिहून देऊन अंगठा उठवायचा. कचेरीच्या बाहेर व्हरांड्यात एक बाक आहे. त्याच बाकावर त्या पहाऱ्यावरच्या शिपायाची आई येऊन बसायची. तिचं काम वेगळं. पलटणीच्या आवारात एक दगड उभा केलाय, कामावर असताना गेलेल्यांची नावं आहेत त्याच्यावर. तिच्या मुलाचं नाव नाही. चौकशीत असं ठरलं की त्याची बंदूक खांद्यालाच अडकवलेली होती, झटापटीची खूण नव्हती, म्हणजे हा एक तर झोपला होता नाहीतर पळणाऱ्याला सामील होता. ती दर वर्षी अर्ज घेऊन यायची आणि दर वर्षी परत पाठवली जायची.

आई म्हणाल्या, पहिली काही वर्षं मी बाकावर बसले की ती उठून उन्हात जाऊन उभी राहायची. मग एका वर्षी उठली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी तिनं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. बोलली मात्र एकदाच. 'तुमच्या मुलानं तुम्हाला कधी काही कळवलं का? माझा खरंच झोपला होता का?'

आईंनी तिला सांगितलं, मला माहीत नाही हो.

हे सांगून त्या ताटं घासायला उठल्या. मी तिथंच बसून राहिले.


११ मे

हे पत्र टपालानं नाही. आई उद्या निघतायत, त्यांच्या पिशवीत देतेय. त्या ते तुझ्या वकीलबाईंकडं देतील आणि वकीलबाई त्यांच्या कागदांत घालून तुला देतील. तेवढे कागद तिथं उघडत नाहीत म्हणे. वकीलबाई वाचतील तर वाचोत. आईंना वाचता येत नाही. म्हणूनच धीर करून सगळं लिहितेय.

वकीलबाईंचा मला फोन आला होता, आई यायच्या आधी. त्यांचं म्हणणं साधं आहे. त्या पहाटे तिथं तुम्ही दोघंच होतात. त्यातला एक राहिला नाही. तेव्हा तू सांगशील तेच खरं. त्यानं बंदूक रोखली, तू घाबरलास, झटापट झाली, हातात गाड्यांच्या शेडमधला पाना होता तो लागला. बंदूक नंतर तूच त्याच्या खांद्याला अडकवलीस, भीतीनं काय करतोय ते कळलं नाही. असं सांगितलंस तर शिक्षा निम्म्यावर येईल. भिंगरी कॉलेजात असेल तेव्हा तू घरी असशील. त्यांनी मला विचारलं, तुम्ही त्याला समजवाल का, तो ऐकत नाहीये.

मी म्हटलं, हो. मी त्यांना म्हटलं, त्याला तसंच सांगायला लावा, माझं नाव सांगा, भिंगरीची शपथ घाला.

खरं काय ते मला माहीत असताना म्हटलं. काचेपलीकडून तू सांगितलं होतंस. पलटण आठवड्यानं सीमेवर जाणार होती आणि तुला मरायचं नव्हतं. फाटकावर त्यानं तुला पकडलं, ओळखलं आणि बंदूक खाली केली. परत जा म्हणाला. तुला वाचवायलाच बघत होता तो. आणि परत जायचं होतं तुला, पण पाठ केली त्यानं. तू सांगत होतास आणि मला एकच दिसत होतं, पाठमोरा माणूस. कुणाचा तरी. नंतर रस्त्यानं जाताना कितीतरी दिवस लोकांच्या पाठीच दिसायच्या.

तरी मी हो म्हटलं. मला तू घरी हवा आहेस, हे लिहायला मला लाज वाटत नाही. सकाळी रेडिओ लावून दाढी करणारा, भिंगरीला खांद्यावर घेऊन दिव्याचा बल्ब बदलायला लावणारा. तो माणूस खोटा होता असं मला कुणी सांगितलं तर मी भांडेन. नऊ वर्षं मी त्याच्यासोबत जेवलेय.

पण मग आईंनी ते बाकाचं सांगितलं. त्या सांगत होत्या तेव्हा मी त्यांच्या पुढ्यात बसले होते. त्या म्हाताऱ्या बाईला इतकी वर्षं जे विचारायचं होतं त्याचं उत्तर माझ्याकडं होतं आणि मी तोंड उघडलं नाही. ते उत्तर माझं नाही, तुझं आहे, असं स्वतःला समजावलं. समजावलं खरं, पण त्या रात्रीपासून आईंच्या नजरेला नजर देताना जड जातंय. त्यांना कळलंय की काय, कोण जाणे. काल भाजी निवडता निवडता म्हणाल्या, 'तो मला भेटला तेव्हा सगळं बोलला, पण त्या पोराचा विषय काढला की भिंतीकडं बघायचा.' मी म्हटलं, कंटाळला असेल. त्यांनी मान हलवली आणि पुढचं देठ मोडलं.

म्हणून वकीलबाईंना दिलेला शब्द मी मागं घेते. माझ्या नावानं आणि भिंगरीच्या शपथेनं काही करू नकोस. खरं सांग असंही मी म्हणत नाही, तेवढी मोठी मी नाही. तू खोटं सांगून लवकर आलास तर मी दार उघडीन आणि ताट वाढीन. फक्त एक करणार आहे. भिंगरी मोठी झाली की तू कोर्टात काय सांगितलंस ते तिला सांगणार, आणि खरं काय होतं तेही सांगणार. दोन्ही एकच असावं की वेगवेगळं, ते तू ठरव.

आईंसोबत लोकर पाठवतेय. त्या तुझा स्वेटर विणतो म्हणतात. भेटतील तेव्हा खांद्याचं माप घेऊ दे.


३ जुलै

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, त्यात दोन हवामानाच्या. काय ठरवलंस ते लिहिलं नाहीस. विचारत नाही.

भिंगरीला सांगितलं. शाळेतल्या एका मुलीनं वर्तमानपत्रातला तुझा फोटो आणला होता. त्यामुळं कधी सांगायचं ते मला ठरवावं लागलं नाही. तिला जवळ घेऊन बसले आणि म्हटलं, बाबा तुझ्या जन्माच्या खूप आधी शिपाई होते. ते पळून गेले आणि जाताना त्यांनी एका माणसाला मारलं. तो माणूस मेला. म्हणून आता ते तुरुंगात आहेत.

ती बराच वेळ चादरीची दशी ओढत बसली. मग विचारलं, त्या काकांना मुलगी होती का? मी म्हटलं, नाही, त्यांचं लग्न झालं नव्हतं. 'मग बरं आहे,' म्हणाली. आणि मी दिवा मालवायला उठले तेव्हा, 'बरं नाहीये, ना?'

मी म्हटलं, नाही, बरं नाहीये.

खटल्याची तारीख कळली. मालकांनी रजा दिली. आम्ही दोघी येतोय. कोर्टाच्या आदल्या दिवशी तुरुंगात भेटू देतील असं वकीलबाई म्हणाल्या. भिंगरीचे पुढचे दोन दात पडलेत, ते तिला तुला दाखवायचेत. तेवढीच भीती तिला वाटतेय, की तू ओळखणार नाहीस.


१९ ऑगस्ट

आम्ही परवा घरी पोचलो. भिंगरी अजून त्या भेटीतच आहे. बाबांचे हात तसेच होते, असं तिनं शेजारच्यांना सांगितलं. काय बदललेलं असणार होतं, देव जाणे.

तुला शिक्षा सांगून नेलं त्यानंतरचं तुला माहीत नाही. कुणी सांगितलंही नसेल. म्हणून हे.

तू उभा राहिलास, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत आईंच्या शेजारी होते. लष्करी कोर्टाच्या अध्यक्षांनी विचारलं, काही सांगायचं आहे का. वकीलबाईंनी लिहून दिलेला कागद तुझ्या हातात होता. तू तो घडी करून टेबलावर ठेवलास, तेव्हाच मला कळलं. आईंनी माझं मनगट धरलं. त्याची बंदूक त्यानं स्वतः खांद्याला अडकवली, हे तू दोनदा सांगितलंस. तो झोपलेला नव्हता, सामील नव्हता, हे लिहून घ्या म्हणालास. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांचं बरोबर होतं, शिक्षा निम्मी नाही, पुरी झाली. तू सुटशील तेव्हा भिंगरी जवळजवळ माझ्या आजच्या वयाची असेल. ते आकडे अध्यक्ष वाचत होते आणि मी आईंच्या हातावरच्या शिरा बघत होते. मला रडू आलं नाही.

मी वाट बघीन असं लिहीत नाही. कशी बघायची एवढी वाट, मला ठाऊक नाही. दर वर्षी शाळेला सुट्टी लागली की येऊ, हे मात्र धरून चाल.

तुला मागच्या दारानं नेल्यावर आम्ही बाहेरच्या बोळात आलो. तिथं एक ठेंगणी बाई भिंतीला धरून उभी होती. तिच्यासोबतचा माणूस तिच्या कानाशी मोठ्यानं काहीतरी सांगत होता आणि ती मान हलवत होती, नाही कळलं, नाही कळलं. आई थबकल्या. मी ओळखलं. ती आमच्याकडं आली. आईंकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाली, 'तुम्ही त्याची बायको. माझे कान गेलेत. तो काय म्हणाला ते मला नीट ऐकू आलं नाही. हा सांगतोय, पण घाईघाईत सांगतोय.'

मी आईंकडं बघितलं. त्यांनी सांगायला हवं होतं, दोघींची ओळख होती. पण त्या बाजूला जाऊन खिडकीपाशी उभ्या राहिल्या. तेव्हा मी वाकले. उजवा कान बरा आहे म्हणाली, म्हणून त्या बाजूला गेले.

'तुमच्या मुलानं त्याला फाटकावर पकडलं,' मी म्हटलं. 'ओळखलं. मग बंदूक खांद्याला अडकवली आणि म्हणाला, परत जा, कुणी उठायच्या आत जाऊन झोप. मी तुला बघितलंच नाही.'

'ओरडून म्हणाला?'

'नाही. हळू.'

'आणि मग?'

'मग त्यानं पाठ केली. हा आत जाईल असं समजून.'

मला वाटलं, आता माझ्या थोबाडीत मारेल. मारली असती तर मी हललेही नसते. तिनं माझी बाही धरली आणि म्हणाली, 'पुन्हा सांगा. पहिल्यापासून.'

मी पुन्हा सांगितलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. परत जा. मी तुला बघितलंच नाही. मग तिनं बाही सोडली. 'झोपला नव्हता,' ती सोबतच्या माणसाला म्हणाली. 'झोपला नव्हता तो.' त्यानं तिला बसा म्हटलं, तर बसेना.

तिनं तुला माफ केलं का, ते मी विचारलं नाही आणि तीही काही म्हणाली नाही. उगीच तसलं काही मनात धरू नकोस. तिनं माझ्या पोरीकडं एकदा बघितलं, भिंगरी माझ्या पाठीमागं होती, आणि विचारलं, 'हिला माहीत आहे?' मी हो म्हटलं. 'बरं,' म्हणाली.

सैन्याची कचेरी आज उघडी आहे का, असं तिनं मग विचारलं. सोबतचा माणूस म्हणाला, उद्या जाऊ, तुम्ही दमलात, निकालाचा कागद हातात येऊ दे. ती ऐकायला तयार नव्हती. कागद येईल तेव्हा येईल, आज तोंडी सांगून ठेवते, म्हणाली. तेव्हा आई खिडकीपासून आल्या. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. आईंच्या डोळ्यांना धार लागलेली. त्यांचा एकुलता एक मुलगा नुकता आत गेला होता आणि खरं बोलून ते त्यानं स्वतःच ओढवून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, 'कचेरी पाचपर्यंत असते. चला.'

मी म्हटलं, मी येते सोबत, पायऱ्या उंच आहेत. आईंनी मला थांबवलं. 'तू पोरीजवळ थांब,' म्हणाल्या. 'आम्हाला रस्ता माहीत आहे.'

मी जिन्याच्या वर उभी राहून बघत होते. एकीनं कठडा धरला होता आणि दुसरीनं तिचा दंड. खाली पोचल्यावर त्या उन्हातून चालत गेल्या, मध्ये एकदा थांबल्या, आईंनी पिशवीतून बाटली काढली, दोघी पाणी प्यायल्या आणि पुढं निघाल्या.